वर आलेलं पाणी

सोमवार, १७ फेब्रुवारी १९९७. सकाळी आठच्या सुमारास रत्नाबाई मगदूम गाईसाठी उसाचा पाला काढायला रानाच्या थोरल्या तुकड्यात शिरल्या आणि चार पावलांवरच थबकल्या. दोन सरींच्या मधोमध, चटई अंथरावी एवढ्या जागेत, काळ्या मातीवर पांढरं काहीतरी पसरलं होतं. पिठासारखं, पण पिठाहून खरबरीत. भोवतालचा ऊस गुडघ्याएवढाच राहिला होता आणि पानांची टोकं जळल्यासारखी तांबूस झाली होती. रत्नाबाई खाली बसल्या, चिमूटभर बोटावर घेतलं आणि जिभेला लावलं. तशाच उठून त्या वस्तीकडे पळत सुटल्या. अठ्ठेचाळीस वर्षांच्या, अंगानं भारी अशा या बाईला रानातून पळताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

अण्णासो, त्यांचे यजमान, पायरीवर बसून चहा पीत होते.

"अवं, रानात कुणीतरी मीठ सांडलंय!"

"रानात मीठ कोण सांडतंय? युरिया असंल. गड्यानं पोतं फोडलं असंल."

"युरिया न्हाई. खारट लागतंय."

"चाखलंस?"

"चाखलं की."

"धन्य हाय. उद्या फवारणीचं औषध सांडलं तर तेबी चाख."

अण्णासो हसले खरे, पण चहा अर्धा टाकून उठले. रानात जाऊन त्यांनी ती पांढरी जागा चपलेनं खरवडली, इकडे-तिकडे पाहिलं आणि निकाल दिला, "पाणी कमी पडलंय. दोन पाण्यात धुऊन जाईल."

रत्नाबाईंना ते लगेच पटलं. पाणी कमी पडलंय असं त्यांना कुणीही, कधीही सांगितलं असतं तरी पटलं असतं.

त्यांचं माहेर नेसरीजवळच्या एका वाडीत, उंच माळावर. पावसाळ्यात तिथे पाऊस धो धो कोसळायचा आणि होळी झाली की ठणठणाट. वयाच्या सातव्या वर्षापासून त्यांनी दरीतल्या झऱ्यावरून घागरी वाहिल्या होत्या. १९६६ साली लग्न होऊन त्या शिरोळ तालुक्यात, नदीपासून कोसभर अंतरावरच्या या काळ्या रानात आल्या. साडेतीन एकरांचा थोरला तुकडा, त्याला लागून वस्तीचं घर आणि घराच्या दारात विहीर. दारात विहीर! माहेरी जाऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा मैत्रिणींना खरं वाटेना.

पुढे १९७१ साली गावच्या संस्थेनं नदीवर मोटारी बसवल्या आणि पाईपनं पाणी शिवारात आणलं. दर दहा दिवसांनी प्रत्येकाची पाळी. संस्थेच्या पाटकऱ्यानं पाईपचं दार उघडलं की चार तास पाणी तुमचं. सव्वीस वर्षांत रत्नाबाईंनी एकही पाळी सोडली नव्हती. लग्नकार्य असो, पर्युषण असो, अंगात ताप असो. रान ओलं असतानाही त्या पाणी सोडत. वृषभ, त्यांचा मुलगा, एकदा म्हणाला होता, "अव्वा, पाय रुततोय बघ, अजून कशाला पाणी?" त्यावर त्या म्हणाल्या, "आलेलं पाणी परत धाडू व्हय? खुळी हाय काय मी?"

घरातलं पाणी मात्र त्या थेंबाथेंबानं वापरत. दुहेरी जाड कापडातून गाळल्याशिवाय पाण्याचा घोट त्यांच्या घरात कुणी घेत नसे. गाळून झालं की ते कापड उलटं धरून वरून गाळलेलंच पाणी ओतायचं, म्हणजे कापडावर राहिलेले डोळ्यांना न दिसणारे जीव खालच्या भांड्यात उतरतात. ही जिवाणी. ती जिथलं पाणी तिथेच परत पोचवायची, आणि तीही उंचावरून फेकून नव्हे. त्यासाठी तळाला कडी असलेली पितळेची लहान बादली होती. कडीला दोर बांधून, वरच्या मुठीत नुसता अडकवून ती सरळ, अलगद खाली सोडायची. पाण्याला टेकली की दोर हिसडायचा, बादली उलटते आणि जीव न दुखावता आपल्या घरी जातो. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं होतं. तेव्हापासून एक दिवस चुकला नव्हता.

आणि विहीर तर वर्षागणिक भरत चालली होती. लोक येऊन पाहून जात. भर मे महिन्यात कठड्यावरून वाकलं की पाणी अगदी जवळ. शेजारच्या बायका म्हणत, "रत्नाक्कांच्या जिवाणीचं पुण्य हाय हे." रत्नाबाई तोंडानं म्हणत, "माझं कसलं पुण्य आलंय." पण मनातून त्यांना ते खरं वाटे. जैन मंदिरात हात जोडताना त्या विहिरीसाठी वेगळा एक नमस्कार करत.

दोन पाणी दिली. पांढरी जागा धुऊन गेली नाही, खळ्याएवढी झाली. आणखी चार पाणी दिली. पावसाळ्यात ती दिसेनाशी झाली तेव्हा अण्णासो म्हणाले, "बघ, मी म्हणलं नव्हतं?" दिवाळीनंतर ती तीन ठिकाणी उगवली. १९९८च्या मार्चपर्यंत अर्ध्या एकरात ऊस म्हणून काही उरला नाही. बुडखे कुजले होते. त्यात पाऊल टाकलं की चिखलाचा, सडक्या पाल्याचा वास यायचा, आणि दोन हातांवर वाळलेली पांढरी साय.

घरात आणखी एक गोष्ट घडत होती, पण तिचा रानाशी संबंध कुणी लावला नव्हता. तुरीची डाळ शिजेना. दोन-दोन तास चुलीवर ठेवली तरी दाणा दाण्याला चिकटत नसे. रत्नाबाईंनी दुकानदाराला शिव्या दिल्या, दुकान बदललं, मग दुसऱ्या दुकानदाराला दिल्या.

शेवटी वृषभनं कुणाला न विचारता मातीच्या दोन पिशव्या भरल्या आणि कोल्हापूरला माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नेऊन दिल्या. गुरुवारी, १२ मार्चला, तिथला माणूस स्वतःच मोटारसायकलवरून वस्तीवर आला. बुद्धभूषण त्याचं नाव. मूळचा राधानगरीकडचा, मंगळवार पेठेत खोली घेऊन राहणारा, तिशीच्या आतला, बारीक अंगाचा. त्यानं आल्या आल्या अण्णासोंच्या हातात एक पुस्तिका ठेवली. अण्णासोंनी वरचं नाव मोठ्यानं वाचलं, "शाश्वत शेती आणि शाश्वत विकास." मग चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"पावणं, शाश्वत म्हंजे आमच्यात एकच. सम्मेद शिखरजीचं तीर्थ. रान कवापासनं शाश्वत झालं?"

बुद्धभूषण हसला. "आमच्या धम्मात तर जगात काहीच शाश्वत नाही म्हणतात, अण्णा. मी तरी काय करू? पुस्तिका सरकारनं छापलीय."

"मग अर्थ काय त्याचा?"

"एवढाच की तुम्ही जे पिकवलंत ते वृषभला आणि त्याच्या पोरांना पिकवता आलं पाहिजे. तुम्ही खाऊन त्यांच्यासाठी पांढरं ठेवलं तर तो विकास नव्हे."

अण्णासोंचं हसू विरलं. रत्नाबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. बुद्धभूषणनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मावशी, यात मीठ घातलंय?"

"पाण्यात मीठ कोण घालतंय? विहिरीचं हाय, गाळलेलं."

"डाळ शिजते यात?"

रत्नाबाईंनी वृषभकडे पाहिलं. हे या परक्या माणसाला कुणी सांगितलं?

तो उठून विहिरीवर गेला, वाकून पाहिलं. "पाणी पहिल्यापासून इतकं वर आहे?"

"छ्या! माझं लगीन झालं तवा बत्तीस हात दोर लागायचा."

"बत्तीस? नक्की आठवतंय?"

"जिवाणीचा दोर हाय, सायेब. रोज मीच सोडतो. मला न्हाई ठावं तर कुणाला?"

मग त्यानं विचारलं, तो दोर कमी कधी कधी केला. रत्नाबाईंना आठवावं लागलं नाही. पाणी वर आलं की उरलेला दोर हातात लोंबायचा, म्हणून त्या कापत, आणि कापलेला तुकडा वाया जाऊ देत नसत. १९७५ साली वृषभ झाला तेव्हा सहा हात कापून पाळण्याला बांधला. ऐंशी साली आठ हात, तो धुणं वाळत घालायला. शहाऐंशी साली सात हात कालवडीला. ब्याण्णव साली आणखी सहा, तो माळ्यावर गुंडाळून ठेवलाय. आता हातात उरला पाच. त्यातले दोन हात तर कठड्याच्या उंचीतच जातात.

बुद्धभूषण वहीत लिहीत होता.

"मावशी, एवढी चांगली नोंद आमच्या ऑफिसातसुद्धा नाही," तो म्हणाला. "पण हे चांगलं झालेलं नाही. विहीर भरलेली नाही. तुमचं रान बुडालंय, खालून."

रत्नाबाईंना काही कळेना. त्यानं काठीनं मातीत रेघ ओढून समजावलं. नदीचं पाणी सत्तावीस वर्षं रानात येतंय. उसाला लागतं त्याच्या दुप्पट येतंय. उरलेलं खाली जातं. काळी माती ते सोडत नाही, आणि त्याला बाहेर जायला वाट कुणी ठेवली नाही. मग ते खाली साठत साठत वर चढतं. मातीतलं मीठ सोबत घेऊन चढतं. वर आलं की पाणी उन्हानं उडून जातं आणि मीठ राहतं. जितकं पाणी जास्त, तितकं मीठ वर.

"म्हंजे, धुवायला म्हणून दिलेलं पाणी..." वृषभ म्हणाला आणि थांबला.

समोर दोरीवर रत्नाबाईंची दोन लुगडी वाळत होती. त्यांनी त्या दोरीकडे पाहिलं. आठ हात. ऐंशी साल. तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटले होते, विहीर इतकी वर आली म्हणून. त्या कठड्याला धरून खाली बसल्या.

"आजपासून पाणी बंद केलं तर?" अण्णासोंनी विचारलं.

"तेवढ्यानं होणार नाही. जमिनीत पाच फुटांवर भोकांच्या पाईपा पुरायच्या आणि साठलेलं पाणी ओढ्याला काढून द्यायचं. तुमच्या रानाखाली ओढ्यापर्यंत कुणाचं रान आहे?"

"हंबीररावाचं. पडीक हाय ते. आळशी मानूस. गुऱ्हाळावर चुलवाणात जळण टाकायला जातोय, घरचं रान सोडून."

"मी येताना पाहिलं ते रान," बुद्धभूषण म्हणाला. "ते आळसानं पडलेलं नाही, अण्णा. तिथे तुमच्याआधी दहा-बारा वर्षं मीठ वर आलंय. पाणी उताराला जातं. तुमचं पाणी आधी तिथे गेलं."

त्या दिवशी रत्नाबाईंनी स्वयंपाक केला, वाढलाही. पण त्या स्वतः जेवायला बसेपर्यंत सूर्य मावळून गेला, आणि मावळल्यावर त्यांच्या घरात कुणी जेवत नसे. त्यांना भूक नव्हतीच. त्यांना नव्वद सालचं एक लग्न आठवत होतं. बायकांची पंगत बसली होती. कुणीतरी हंबीररावाच्या रानाचा विषय काढला आणि रत्नाबाई म्हणाल्या होत्या, "त्यांच्या रानात काय पिकतंय? गवत आन झोप." सगळ्या हसल्या होत्या. हंबीररावाची बायको चिमणाबाई त्याच पंगतीत होती. ती पानावरून उठून गेली होती, हात न धुता.

डोळ्यांना न दिसणारा जीवसुद्धा दुखावू नये म्हणून त्या रोज विहिरीवर वाकत होत्या, आणि तीनशे पावलांवरचं एक घर त्यांच्या पाण्यात बुडत होतं. ते डोळ्यांना दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णासो म्हणाले, "मी बोलतो हंबीररावाशी."

"तुमी नगा. मी जातो."

हंबीरराव अंगणात म्हशीला वैरण टाकत होते. त्यांनी रत्नाबाईंना पाहिलं, पण पेंढी सोडवायची थांबवली नाही.

"या वैनी. आज वाट चुकलासा?"

रत्नाबाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पाईप तुमच्या रानातनं ओढ्याला गेल्याशिवाय आमचं रान वाचत न्हाई, म्हणाल्या.

"आत्ता परवानगी मागतायसा!" हंबीरराव म्हणाले. "बारा वरसं तुमचं पाणी आमच्या रानातनं जातंय, ते काय इचारून जातंय व्हय?"

"तवा ठावं नव्हतं, भावजी."

"मला ठावं हुतं. अण्णासोला दोनदा सांगितलंतं. अण्णासो म्हणला, आमचं पाणी आमच्या बांधाच्या आत हाय."

रत्नाबाईंच्या कानशिलात कुणी मारावी तसं झालं. हे त्यांना कधी कळलं नव्हतं.

हंबीररावांनी पेंढी टाकली. "पाईप जाऊ दे. पर आधी माझ्या रानात पुरायची, मग वर तुमच्या. आन पाण्याच्या दर तीन पाळ्यांतल्या दोन सोडायच्या. अण्णासोनं न्हवं, तुमी सोडायच्या. तुमचं पाण्याचं येड कसं हाय ते समद्या शिवाराला म्हाईत हाय."

"सोडतो."

"आन माझंबी एक हाय," दारातून चिमणाबाई म्हणाली. ती केव्हापासून तिथे उभी होती कुणास ठाऊक. "आमचं रान कशानं गेलं ते बायकांच्या पंगतीत सांगायचं. पानावर बसून. जसं तवा सांगितलंतं तसं."

घरी येऊन रत्नाबाईंनी अण्णासोंना एवढंच विचारलं, "हंबीररावांनी सांगितलंतं तुमाला?"

"सांगितलंतं." अण्णासो जमिनीकडे पाहत म्हणाले. "मला वाटलं, आळशी मानूस कारण काढतोय."

मे महिन्यात जयसिंगपूरला एका नात्यातल्या मुलीचं लग्न होतं. चिमणाबाईलाही बोलावणं होतं. पानं वाढून झाली आणि रत्नाबाई म्हणाल्या, "जरा ऐका." त्यांचा आवाज मुळातच मोठा, आजूबाजूची कुजबुज थांबली. त्यांनी सांगितलं, न चाचरता, नव्वद सालच्या बोलण्यासकट. कुणाला काय करावं कळेना. एका बाईनं घाईघाईनं विचारलं, "लापशी वाढू का?" चिमणाबाई मान खाली घालून जेवत राहिली. त्या दिवशी ती पानावरून उठली नाही, एवढंच.

पाळ्या सोडणं पंगतीहून अवघड गेलं. पाटकरी हाक मारायचा, "आक्का, दार उघडू?" आणि रत्नाबाई मान हलवून नाही म्हणायच्या. पाणी त्यांच्या बांधावरून पुढच्या रानाला जायचं. पहिल्या उन्हाळ्यात त्या दर वेळी घरात जाऊन बसत, म्हणजे ते जाताना दिसू नये. पुढचा शेतकरी मात्र ते सगळं आपल्या उसात घ्यायचा. रत्नाबाई त्याच्या बांधावर गेल्या, त्याला दोराची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "आक्का, माझ्या रानात कुठं पांढरं हाय?" रानात पांढरं दिसलं त्याच्या आदल्या दिवसापर्यंत रत्नाबाईही हेच म्हणाल्या असत्या.

काम सुरू व्हायलाच दोन वर्षं लागली. एप्रिल २००० मध्ये चर खणले, आधी हंबीररावाच्या रानात, मग वर. पाईपांभोवती जाड वाळू घातली. पाणी ओढ्यात पडायला लागलं तेव्हा रत्नाबाईंनी बुद्धभूषणला विचारलं, "आन ओढ्यातनं कुणाच्या दारात जाणार हे?"

"नदीत. पावसाळ्यात नदी पचवेल. उन्हाळ्यात पाईपचं तोंड बंद ठेवायचं. हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच, मावशी."

"आधी इचारायला पायजे हुतं," रत्नाबाई म्हणाल्या.

पुढची तीन वर्षं खत म्हणून ताग पेरून गाडला, मातीतला खार सुटायला जिप्सम टाकलं. २००२च्या हिवाळ्यात हंबीररावाच्या रानात शाळू उभा राहिला. पुरुषभर नाही, कमरेएवढा, पण शाळू. थोरल्या तुकड्यातही पुढच्या वर्षी दोन एकर गहू आला. वृषभ इचलकरंजीच्या सूतगिरणीत नोकरीचा अर्ज देऊन आला होता, त्यानं तो परत घेतला. पण विहिरीजवळचा दीड एकर काही केल्या हलेना. तिथे ताग उगवायचा आणि वीतभर होऊन करपायचा.

बुद्धभूषण पुन्हा आला, माती तपासून गेला, आणि निकाल घेऊन स्वतःच आला.

"इथे मीठ फार खोलवर बसलंय. वीस वर्षं लागतील, कदाचित तीस."

रत्नाबाईंनी हिशेब केला नाही. सत्तावीस वर्षं त्यांनी याच कोपऱ्यात पाणी सोडलं होतं, कारण पाईपचं दार इथेच होतं. त्यांच्या हातानं झालेलं त्यांच्यानंतरही राहणार होतं. त्या कोपऱ्यावरून त्यांची नजर हलेना. ऊन चढलं होतं आणि तो सगळा दीड एकर डोळ्यांना खुपेल असा चकाकत होता.

अण्णासो म्हणाले, "रस्त्याच्या बाजूनं शेवरी लावून टाकू दाट. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसाय नको."

"नगं. दिसू दे."

"लोक काय म्हणतील? लाज न्हाई वाटत?"

"वाटतीया की," रत्नाबाई म्हणाल्या.